धुऱ्यावरचा खून आणि जन्मठेप : गावात मला वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी यवतमाळ जिल्ह्यातल्या एका गावचा माजी पोलीस पाटील. साठी झाली तसं पद गेलं, पण प्रश्न काही गेले नाहीत. २००३ च्या जूनमध्ये आमच्या गावात धुऱ्यावरून, म्हणजे दोन वावरांमधल्या बांधावरून, खून झाला. ज्यानं केला तो जन्मठेप भोगून २०१९ च्या दिवाळीआधी घरी आला. तेव्हापासून पानठेल्यावर, तेरवीच्या पंगतीत, एसटीच्या थांब्यावर लोक मला तेच तेच विचारतात. पोरं तर मोबाईलवर काहीबाही वाचून येतात आणि मलाच कायदा शिकवतात. म्हणून नातवाला बसवून हे एकदाचं लिहून काढलं.

नावं लिहीत नाही. मारणाऱ्याचं नाही, मेलेल्याचंही नाही. गावाला माहीत आहेत, बाहेरच्यांना त्यांची गरज नाही.

त्या दिवशी नेमकं काय झालं होतं?

मृग लागायचा होता. सगळ्यांची वखरणी चालू होती. दोघं सख्खे चुलत भाऊ, वावरं लागून, मधे एकच धुरा. मेलेला वयानं मोठा. सकाळी धुऱ्यावर बोलाचाली झाली. मोठ्यानं वखर धुऱ्याच्या आत घातला, असं धाकट्याचं म्हणणं. शिवीगाळ झाली, दोन-चार ढेकळं फेकली गेली आणि धाकटा पाय आपटत घरी निघून गेला. तो परत आला तेव्हा खांद्यावर कुऱ्हाड होती. पहिला घाव मानेवर बसला, दुसरा खांद्यावर. मोठ्याचा पोरगा मधे पडला, त्याच्या हातावर लागलं. पोरगा तेव्हा सतरा वर्षांचा होता. तोच रक्ताळलेल्या हातानं पांदणीनं धावत माझ्याकडे आला.

गावात फोन होता तो एका किराणा दुकानात. तिथून ठाण्याला कळवलं आणि पोलीस येईपर्यंत मी प्रेताजवळ बसून राहिलो. ते पोलीस पाटलाचं कामच आहे. लोकांना लांब ठेवायचं, कोणी कशाला हात लावू नये हे बघायचं. तीन तास बसलो. मारणारा पळून गेला नव्हता. आपल्याच वावरातल्या लिंबाखाली बसून होता.

एवढ्याशा धुऱ्यासाठी माणूस मारतो का कोणी?

हा प्रश्न शहरातले पाहुणे विचारतात. गावातला कोणी विचारत नाही.

तरी हिशेब सांगतो, मी मांडून पाहिला आहे. भांडण होतं दीड हात पट्टीचं, म्हणजे सव्वादोन फूट. धुऱ्याची लांबी चारशे फूट. झाले नऊशे चौरस फूट. गुंठा असतो १,०८९ फुटांचा, म्हणजे ती जागा गुंठाभरही नव्हती. कोरडवाहू वावरात एकरी सहा क्विंटल कापूस धरला तर त्या पट्टीत बारा-तेरा किलो निघाला असता. एका बाईच्या एका दिवसाच्या वेचणीत तो संपला असता.

पण धुऱ्याचा हिशेब किलोत होत नाही. दरवर्षी वखराचा एक फेर आत येतो. एका साली चार बोटं, दुसऱ्या साली वीतभर. ज्याचा धुरा कोरला जातो तो रोज सकाळी वावरात येऊन आधी तेच पाहतो. घरी बायको म्हणते, "तुमच्यानं काही होत नाही." पोरगं ऐकतं. पाच-सहा वर्षं हे चाललं की मग एक दिवस येतो. त्याचं समर्थन करत नाही मी. फक्त हे सांगतो की त्या दिवशी सकाळी सुरू झालं असं ते भांडण नव्हतं.

पण खरं कोणाचं होतं? धुरा कोरला होता का?

हो. हे लिहायला जड जातं, पण हो.

खून होईपर्यंत दोघांपैकी कोणीही सरकारी मोजणी केली नव्हती. फी भरायची कोणी, यावरच गाडी अडली होती. मोजणी झाली २००९ मध्ये, मारणाऱ्याच्या बायकोनं अर्ज केला तेव्हा. भूमी अभिलेखचे लोक आले, साखळी पडली, खुणा गाडल्या. धुरा तिच्या वावरात दीड हात सरकलेला निघाला. म्हणजे तो आयुष्यभर जे ओरडून सांगत होता ते नकाशावर खरं निघालं. तोवर मोठ्याच्या तेरवीला सहा वर्षं उलटली होती, धाकटा जेलात होता आणि खुणा पाहायला दोन विधवांसारख्या दोन बाया उभ्या होत्या.

कोर्टात याचा काही उपयोग झाला असता का, असं लोक विचारतात. नसता झाला. आपल्या जमिनीत कोणी घुसलं म्हणून अडवायचा हक्क कायदा देतो, पण शेतात वखर घातल्याबद्दल माणूस मारायचा हक्क देत नाही.

तुम्ही त्याच्याविरुद्ध साक्ष का दिली? गावचा माणूस, शेजारी माणूस.

हा प्रश्न मला सगळ्यात जास्त वेळा विचारला गेला आहे. तोंडावर कमी, पाठीमागे जास्त.

माझं वावर पांदणीला लागून आहे. त्या सकाळी मी वखर हाकत होतो. तो मोकळ्या हातानं घराकडे जाताना मला दिसला. मग कुऱ्हाड घेऊन वावराकडे येतानाही दिसला. मी विचारलंही, "काऊन रे, कुठी चालला?" तो म्हणाला, "वावरात." जूनमध्ये कुंपणाचे काटे तोडायला कुऱ्हाड प्रत्येकाच्या खांद्यावर असते. मी बैल हाकले.

हे मी पाहिलं होतं. पोलीस पाटील असो की सालदार असो, पाहिलं ते पाहिलं. समन्स आलं, मी जिल्ह्याला गेलो, शपथ घेतली आणि सांगितलं. फिरवून सांगायला मला दोन्ही बाजूंनी लोक भेटले होते. एकानं तर माझ्या ओट्यावर बसून पैशाचं बोलणं काढलं. त्याला चहा पाजला आणि लावून दिला.

उलटतपासणीत वकिलानं मला चांगलंच घेरलं. जाणं आणि येणं यात किती वेळ गेला, हे त्याला खोडून काढायचं होतं. "मनगटावर घड्याळ होतं का?" नव्हतं. "मग वीस मिनिटं कशावरून म्हणता?" मी सांगितलं, तेवढ्यात माझे चार तास झाले. साहेब वर बघायला लागले. वकील हसला, "चार तास की वीस मिनिटं, एक काहीतरी सांगा." तेव्हा मला सांगावं लागलं की साहेब, तास म्हणजे घड्याळाचा नाही. वखराचा तास, या टोकापासून त्या टोकापर्यंतची एक ओळ. सरकारी वकील वर्धेकडचे होते, शेतकऱ्याचा पोरगा, त्यांनी ते नीट लिहून घ्यायला लावलं.

ती वीस मिनिटं पुढं निकालात आली. ती मला पुष्कळ वर्षं झोपू देत नव्हती, कारण खरंच घड्याळ नव्हतं.

वीस मिनिटांनी एवढा काय फरक पडतो?

सगळा फरक तिथंच पडतो.

जुन्या भारतीय दंड संहितेत कलम ३०२ म्हणजे खून. शिक्षा फाशी किंवा जन्मठेप आणि वर दंड. त्याच्या खाली काहीच नाही. न्यायाधीशाला वाटलं तरी त्याला दहा वर्षं देता येत नाहीत. कलम ३०४ म्हणजे मनुष्यवध, पण खून नव्हे. त्यात जन्मठेप होऊ शकते तशी दहा वर्षांपर्यंतची किंवा त्याहून कमी शिक्षाही होऊ शकते.

मेलेला माणूस दोन्हीकडे मेलेलाच असतो. फरक असतो मारणाऱ्याच्या डोक्यात काय होतं याचा. कलम ३०० ला काही अपवाद दिले आहेत. अचानक भांडण पेटलं, रागाच्या भरात, आधी काही न ठरवता घाव बसला, आणि मारणाऱ्यानं समोरच्याच्या असहायतेचा गैरफायदा घेतला नाही किंवा क्रूरपणा केला नाही, तर तो खून धरला जात नाही. धुऱ्यावर झटापट चालू असताना हाताला लागलेलं दांडकं घातलं असतं, तर त्याच्या वकिलाला हे मांडता आलं असतं. मांडलंही त्यानं. पण माणूस भांडण सोडून घरी गेला, घरून हत्यार घेतलं, पुन्हा तेवढंच चालत आला आणि समोरचा निहत्ता असताना दोन घाव घातले. कोर्ट म्हणालं, राग शांत व्हायला वेळ मिळाला होता. म्हणून ३०२.

एक पंच फितूर झाला होता ना? मग शिक्षा कशी टिकली?

झाला होता. कुऱ्हाड जप्तीच्या पंचनाम्यावरची सही आपली आहे, पण आपल्यासमोर काही जप्त झालं नाही, असं त्यानं सांगितलं. गावात त्याला कोणी नावं ठेवली नाहीत, मलाच ठेवली. असो.

फितूर पंचानं खटला मरतोच असं नाही. जखमी पोरगा साक्षीला उभा होता, आणि ज्याच्या स्वतःच्या अंगावर घाव आहे त्या साक्षीदाराला कोर्ट फार वजन देतं. घाव खोटा दाखवता येत नाही. नागपूरच्या न्यायसहायक प्रयोगशाळेचा रिपोर्ट होता. शवविच्छेदनाचा अहवाल कुऱ्हाडीशी जुळत होता. आणि माझं ते पांदणीवरचं.

अजून एक गैरसमज काढून टाका. "त्यानं पोलिसांजवळ कबूल केलं म्हणून शिक्षा झाली" असं जे सांगतात ते चूक आहे. पोलीस अधिकाऱ्याजवळ दिलेली कबुली पुराव्यात धरतच नाहीत. तिच्यातला जेवढा भाग नवीन वस्तू शोधून देतो, जसं लपवलेली कुऱ्हाड, तेवढाच चालतो.

फाशी का नाही झाली?

सर्वोच्च न्यायालयानं १९८० मध्ये बच्चन सिंग खटल्यात सांगितलं आहे की खुनाला जन्मठेप हा नियम आणि फाशी हा अपवाद, तीही दुर्मिळातल्या दुर्मिळ प्रकरणात. एका माणसाचा, जमिनीच्या वादातून, आधी कुठलाही गुन्हा नसलेल्या माणसानं केलेला खून त्यात बसत नाही. सरकारी वकिलानं फाशी मागितलीही नव्हती.

आणि सेशन कोर्टानं फाशी दिली तरी लगेच कोणी लटकत नाही. उच्च न्यायालयानं ती कायम केल्याशिवाय तिची अंमलबजावणी होत नाही. आपल्या विदर्भाच्या अकराही जिल्ह्यांसाठी ते म्हणजे नागपूर खंडपीठ. भंडारा जिल्ह्यातलं खैरलांजी आठवा. २९ सप्टेंबर २००६ ला एका दलित कुटुंबातल्या चौघांना मारलं. भंडाऱ्याच्या कोर्टानं २००८ मध्ये सहा जणांना फाशी सुनावली, आणि नागपूर खंडपीठानं २०१० मध्ये ती २५ वर्षांच्या कैदेवर आणली. तिथं एवढं झालं, तर आमच्या धुऱ्याच्या खटल्यात फाशीची भाषा करणाऱ्यांनी थोडं थांबावं.

महाराष्ट्रात फाशी देण्याची सोय दोनच ठिकाणी आहे, येरवडा आणि नागपूर. नागपूरला याकूब मेमनला ३० जुलै २०१५ ला फाशी दिली, तेव्हा आमचा माणूस अमरावतीला होता. त्या आठवड्यात भेटीला गेलेल्या बायकोला तो म्हणाला होता की जेलात कोणी मोठ्यानं बोलत नाही.

जन्मठेप म्हणजे चौदा वर्षंच ना?

नाही. नाही. नाही.

जन्मठेप म्हणजे जन्मभर. मरेपर्यंत. गांधीहत्येच्या खटल्यातला आरोपी गोपाळ गोडसे याच्याच अर्जावर सर्वोच्च न्यायालयानं १९६१ मध्ये हे स्पष्ट केलं आहे. सरकारनं शिक्षेत सूट दिली नाही तर कैद्याला ठरावीक वर्षांनी सुटण्याचा हक्क नाही.

मग चौदाचा आकडा आला कुठून? फौजदारी प्रक्रिया संहितेत १९७८ मध्ये कलम ४३३-अ घातलं गेलं. ते सांगतं की फाशी होऊ शकणाऱ्या गुन्ह्यात जन्मठेप झालेल्याला सरकार सोडायचं म्हणालं, तरी प्रत्यक्ष चौदा वर्षं तुरुंगात काढल्याशिवाय सोडता येणार नाही. म्हणजे चौदा हा खालचा उंबरठा आहे. लोकांनी त्याचंच छप्पर करून टाकलं.

जेलात दिवस आणि रात्र वेगवेगळी मोजतात, म्हणून चौदाचे सात होतात, हे खरं का?

हे आमच्या पानठेल्यावरचं गणित आहे. जेलच्या रजिस्टरमध्ये एका दिवसाचा एकच दिवस लिहितात.

मग तो सोळा वर्षांत कसा सुटला?

तीन गोष्टी जोडाव्या लागतात.

पहिली, वजावट. २००३ च्या जूनमध्ये अटक, निकाल २००६ च्या फेब्रुवारीत. ती पावणेतीन वर्षं तो कच्चा कैदी म्हणून आतच होता. तेवढे दिवस शिक्षेत धरले जातात.

दुसरी, सूट, ज्याला जेलात सगळे "माफी" म्हणतात. काम नीट केलं, वर्तन चांगलं ठेवलं, सुटीवरून वेळेत परत आला की महिन्याला काही दिवस खात्यात जमा होतात. गडबड केली की कापले जातात. पण हे माफीचे दिवस त्या चौदा वर्षांत चालत नाहीत. चौदा वर्षं अंगावरच काढावी लागतात.

तिसरी, राज्य सरकारचे मुदतपूर्व सुटकेचे नियम. त्यात गुन्ह्याचे प्रवर्ग पाडले आहेत. गुन्हा कसा केला, एकट्यानं की टोळीनं, ठरवून की भांडणात, बाईवर की पोरावर, क्रूरपणा किती, यावरून माफी धरून एकूण किती वर्षं भरायची ते ठरतं. याच्या वाट्याला बावीस वर्षांचा प्रवर्ग आला. प्रत्यक्ष सोळा आणि वरची माफी मिळून ती भरली. त्याआधी जेलचा अहवाल, पोलिसांचा अहवाल, ज्या कोर्टानं शिक्षा दिली त्याचं मत, हे सगळं मुंबईला जातं. कागद तिकडे दीड वर्ष पडून होता.

सुटका म्हणजे निर्दोष नव्हे. अटी मोडल्या तर उरलेली शिक्षा पुन्हा भोगायला आत नेता येतं.

मधल्या काळात तो गावात दिसायचा. पळून आला होता का?

पळून नाही. फर्लो आणि पॅरोल. लोक दोन्हीला पॅरोलच म्हणतात, पण हिशेब वेगळा आहे. फर्लो ही वर्तन चांगलं असलेल्या कैद्याला ठरावीक काळानं मिळणारी सुटी, आणि ते दिवस शिक्षेत मोजले जातात. पॅरोल कारणासाठी मिळतो, आणि ते दिवस शिक्षेत मोजत नाहीत. कारणंही नियमात दिली आहेत. जवळच्या नातलगाचा मृत्यू, पोराबाळांचं किंवा भावा-बहिणीचं लग्न, गंभीर आजार, बायकोचं बाळंतपण, पुरानं किंवा आगीनं घर पडणं. नापिकी त्यात नाही. यवतमाळ जिल्ह्यात ती असायला हवी होती, असं मला आपलं वाटतं.

दर वेळी ठाण्यातून माझ्याकडे विचारणा यायची. हा गावात आला तर शांतता भंग होईल का? पहिल्यांदा मी "हरकत आहे" लिहून दिलं, कारण मोठ्याचा पोरगा तेव्हा एकवीस-बावीसचा, अंगात रग, आणि काय करीन ते सांगत फिरत होता. अर्ज फेटाळला गेला. दुसऱ्या वेळी त्याची आई गेली होती. मी "हरकत नाही" लिहिलं. तो आला, आईला अग्नी दिला, मान खाली घालून बसला आणि मुदतीच्या आदल्या दिवशी परत गेला. त्यानंतर प्रत्येक वेळी आदल्याच दिवशी गेला. शेवटच्या दिवसाची एसटी चुकली तर सगळी माफी जाईल, ही भीती.

जेलात करत काय होता?

आधी यवतमाळचं जिल्हा कारागृह, शिक्षा झाल्यावर अमरावती मध्यवर्ती. तिथं विणकाम शिकला. शेवटची काही वर्षं मोर्शीच्या खुल्या कारागृहात होता. मोर्शी म्हणजे संत्र्याचा पट्टा, अमरावती जिल्ह्यात. खुल्या कारागृहात बंदिस्त बराक नसते, कैदी दिवसभर शेतात राबतात, संध्याकाळी हजेरी. माफीही तिथं जास्त मिळते. ज्याचं वर्तन वर्षानुवर्षं चांगलं आहे त्यालाच पाठवतात.

मला त्याचं नवल वाटलं होतं. धुऱ्यासाठी खून केलेल्या माणसाला सरकारनं शेवटी दिलं काय, तर वावरच. तिथं धुरा नव्हता एवढंच. तो सांगतो, मोर्शीला त्यानं संत्र्याच्या झाडाला पाणी कसं तोडायचं आणि कधी सोडायचं ते शिकून घेतलं. आमच्याकडे संत्रा नाही, त्यामुळे ते ज्ञान तसंच पडून आहे.

त्याचं शेत सरकारजमा का नाही झालं?

खुनाच्या शिक्षेत शेत जप्त होत नाही. सातबारा त्याच्याच नावावर राहिला. कर्जाच्या सह्यांसाठी बायकोच्या नावे मुखत्यारपत्र करून दिलं होतं, जेलातूनच.

लोकांचा घोटाळा होतो तो वारसाहक्काशी. हिंदू उत्तराधिकार कायदा, १९५६, कलम २५ म्हणतं की ज्याचा खून केला त्याच्या मालमत्तेचा वारस खुनी होऊ शकत नाही. भावाला मारून भावाचं वावर मिळवता येत नाही. इथं तो प्रश्नच नव्हता, मोठ्याला बायको आणि दोन पोरं होती.

बायकोनं फारकत का नाही घेतली?

तिला विचारा. मी नाही विचारलं. कायद्याचं म्हणाल तर नवरा जेलात आहे एवढ्यावरून हिंदू विवाह कायद्यात घटस्फोट मिळत नाही, लग्न टिकून राहतं.

सोळा वर्षं तिनं सहा एकर एकटीनं वाहिले. बैल विकले, भाड्यानं वखरून घेतलं, मुलीचं लग्न केलं. त्या लग्नाला तो पॅरोलवर आला होता आणि मांडवात मागच्या रांगेत बसला होता. गावानं तिला वाळीत टाकलं नाही. पण हळदीकुंकवाला बोलावणं दोन-तीन वर्षं थांबलं होतं, हे बायकांना विचारलं तर कळेल.

मेलेल्याच्या घरच्यांना काय मिळालं?

कोर्टानं दंड लावला ५,००० रुपये. त्यातली बरीच रक्कम विधवेला द्यायला सांगितली. एवढंच.

आता परिस्थिती थोडी बरी आहे. पीडितांच्या नुकसानभरपाईची तरतूद २००९ च्या शेवटी कायद्यात आली, आणि मेलेल्याच्या वारसांना जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज करता येतो. ज्यांच्या घरात असं घडलं आहे त्यांनी जिल्हा कोर्टाच्या आवारात जाऊन चौकशी करावी. वकिलाचे पैसे लागत नाहीत. आमच्या वेळी हे सांगणारं कोणी नव्हतं, मलाही माहीत नव्हतं. खुनाच्या गोष्टीत लोक मारणाऱ्याबद्दल वीस प्रश्न विचारतात आणि मेलेल्याच्या घराबद्दल हा एक. मोठ्याची बायको पुढची अकरा वर्षं दुसऱ्यांच्या वावरात निंदायला गेली. जखमी पोराच्या दोन बोटांत अजून जोर नाही, कपाशी वेचताना तो डाव्या हातानं वेचतो.

तो ग्रामपंचायतीला उभा राहू शकतो का?

सुटून पाच वर्षं झाल्यावर ग्रामपंचायतीची आडकाठी जाते. त्याला हौस नाही. मतदान मात्र तुरुंगाबाहेर आल्यावर लगेच करता येतं, आणि तो करतो.

आता ३०२ कलमच नाही म्हणतात?

१ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू झाली. त्यात खुनाची शिक्षा कलम १०३ मध्ये आहे आणि ३०४ चं काम कलम १०५ करतं. चौदा वर्षांची ती अट नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४७५ मध्ये गेली. नवीन संहितेत ३०२ नंबरला धार्मिक भावना दुखावणाऱ्या शब्दांचा गुन्हा आहे, तेव्हा "तुझ्यावर तीनशे दोन लावीन" म्हणणाऱ्यांनी जरा जपून. पण जुना गुन्हा जुन्याच कायद्यानं चालतो.

आमचाही धुऱ्याचा वाद आहे. काय करावं?

हा प्रश्न हल्ली लोक हळू आवाजात विचारतात, बाकीचे उठून गेल्यावर.

पेरणीच्या तोंडावर वाद काढू नका. मोजणी उन्हाळ्यात करून घ्या, वावर मोकळं असताना. तालुक्याला भूमी अभिलेखच्या उपअधीक्षकाकडे अर्ज द्या, फी भरा. निम्मी तू भर म्हणून अडून बसू नका, एकट्यानं भरा. आमच्याकडे त्या निम्म्या फीपायी काय झालं ते वर लिहिलंच आहे. लगतच्या शेतकऱ्यांना नोटीस जाते, ते हजर असले तर बरं. खुणा दाखवून झाल्यावर त्याच दिवशी दगड गाडा आणि नकाशाची "क" प्रत घरात जपून ठेवा. तरी शेजारी हटला नाही तर दिवाणी कोर्ट. वेळ लागतो. मला माहीत आहे किती लागतो.

२००७ मध्ये १५ ऑगस्टला तंटामुक्त गाव मोहीम सुरू झाली, तिच्या समितीत मी होतो. त्या काळात आमच्या गावात धुऱ्याचे सात वाद मिटवले. ज्या दोन घरांसाठी ती समिती हवी होती, त्यांना ती चार वर्षं उशिरा आली.

आता त्याच्यापासून धोका आहे का?

पन्नाशी उलटलेला, गुडघे गेलेला माणूस आहे. कुऱ्हाड घरात ठेवत नाही, काटे तोडायचे असले तर मजूर लावतो. मोठ्याचा पोरगा समोरून आला की हा रस्ता बदलतो. दोघांच्या मधल्या त्या दीड हात पट्टीत आजही कोणी पेरत नाही. तरोटा माजतो तिथं.

तो तुमच्याशी बोलतो का?

सुटून आल्यावर पहिल्याच हिवाळ्यात, तूर निघायच्या आधी, तो संध्याकाळी माझ्या ओट्यावर आला. "काकाजी, एक कागद वाचून देता काय?" म्हणाला. प्लॅस्टिकच्या पिशवीत उच्च न्यायालयाच्या निकालाची नक्कल होती, इंग्रजी, घड्यांवर फाटलेली. एवढी वर्षं जेलात उशाशी ठेवली होती, पण तिच्यात माझ्याबद्दल काय लिहिलं आहे ते त्याला पुरतं कळलं नव्हतं.

मला इंग्रजी बेताचंच. नातू बारावीला होता, त्याला बसवलं. त्यानं तो परिच्छेद शोधला आणि मराठीत सांगितला. साक्षीदार शेतकरी आहे, त्याच्याजवळ घड्याळ नव्हतं, पण त्यानं वखराच्या तासांवरून काढलेला वीस मिनिटांचा अंदाज विश्वासार्ह वाटतो, आणि आरोपीला शांत व्हायला तेवढा वेळ पुरेसा होता.

तो ऐकत होता. मला वाटलं आता हा म्हणणार, काकाजी, वीस नव्हते, पाचच मिनिटं होती. हेच मी इतकी वर्षं धरून बसलो होतो.

तो म्हणाला, "वीस नाही जी. पाऊण घंटा तरी झाला असन. घरी जाऊन मी भाकर खाल्ली होती."

नातवाच्या हातातून कागद घेतला, नीट घडी केली, पिशवीत ठेवला आणि रामराम करून गेला.